सामाईक भिंत, निमेनिम

वाईत आमचं घर जुन्या आळीत आहे, कृष्णेच्या घाटापासून चालत पाच मिनिटांवर. शेजारच्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. जाडी २२ इंच. खाली कमरेइतकं मातीत बांधलेलं दगडकाम, वर पांढऱ्या मातीचे भेंडे, त्यावर चुन्याचा गिलावा. आमच्या माजघराच्या तुळया एका बाजूने या भिंतीत शिरतात, शेजाऱ्यांच्या दुसऱ्या बाजूने. गेल्या वर्षी या भिंतीपायी दोन घरांत जवळजवळ तीन महिने बोलणं बंद होतं. काय झालं ते सांगते. कुणाच्या शेजारी काम निघालं असेल तर उपयोगी पडेल.

शेजारी काकू एकट्या राहतात. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला. माझं लग्न झालं तेव्हा तो शाळेत होता. मला वहिनी म्हणतो, मी त्याला भाऊजी म्हणते. काकूंचे गुडघे दुखतात आणि त्यांची मोरी, संडास परसात, तीन पायऱ्या उतरून. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाऊजी घरी आले. म्हणाले, "वहिनी, मागचे दोन खण उतरवतोय. आईला खाली खोली आणि आतच संडास-बाथरूम करायचंय. वर स्लॅब टाकू. पावसाच्या आत आटपेल."

आम्हाला बरंच वाटलं. मी चहा ठेवला. नकाशा दाखवा, असं मी म्हटलं नाही. मधल्या भिंतीचं काय करणार, हेही विचारलं नाही. घरच्यासारख्या माणसाला असं विचारणं बरं दिसत नाही, असं वाटलं. ह्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण तेही काही बोलले नाहीत.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात काम सुरू झालं. आधी कौलं उतरवली, मग तुळया. भिंतीत शिरलेली तुळईची टोकं सहज निघेनात, तेव्हा दोर बांधून हिसडे दिले. आमच्या मांडणीवरची भांडी वाजायची. जुनी सिमेंटची फरशी फोडायला ब्रेकर आणला. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यांचा पलंग त्याच भिंतीला लागून. त्या म्हणायच्या, अंगात थरथर होते. मी त्यांना म्हटलं, चार दिवसांचं काम आहे, सहन करू.

३ मे रोजी कॅलेंडर सरळ करताना मागे भेग दिसली. तिरकी होती, तुळईच्या खालून जमिनीच्या दिशेने उतरलेली. जुनीच असेल, असं मी ठरवून टाकलं. खरं म्हणजे तिथे आधी भेग होती की नाही, हे मला माहीत नव्हतं. भिंतीचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. काम सुरू व्हायच्या आधी मोबाइलवर चार फोटो काढून ठेवले असते तर पुढचे निम्मे वाद झालेच नसते. पाच मिनिटांचं काम होतं.

चार दिवसांनी स्वयंपाकघराचं दार लागेना. चौकट वरून दबली होती.

९ मे रोजी मी माडीच्या खिडकीतून सहज खाली पाहिलं. भिंतीच्या अगदी कडेने चर खणला होता. १४ फूट लांब आणि पुरुषाच्या छातीइतका खोल. आमच्या भिंतीचे पायाचे दगड उघडे पडले होते, आणि एके ठिकाणी तर चर दगडांच्याही खाली गेला होता. मी खाली जाऊन मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "कॉलमचे फुटिंग आहेत ताई. जुनं घर म्हटलं की भेगा पडायच्याच. काँक्रीट भरलं की भिंत अजून मजबूत होईल." मला ते पटलं नाही. तरी मी घरी आले आणि गप्प बसले. भाऊजींना फोन केला नाही. आज करू, उद्या करू, यात ११ दिवस घालवले.

२०२५ चा मे महिना सगळ्यांच्या लक्षात असेल. एरवी जूनमध्ये येणारा पाऊस मेमध्येच धो धो सुरू झाला. मान्सून मुंबईत २६ मे रोजी पोहोचला, पण आमच्याकडे त्याच्या आधीच आठवडाभर पाऊस होता. चर पाण्याने भरला. शेजारचं छप्पर उतरवलेलं, त्यामुळे भिंतीचा माथा उघडा. पांढऱ्या मातीचा भेंडा कोरडा असतो तोवर दगडासारखा असतो. पाणी प्यायला की त्याचा चिखल होतो.

२० तारखेला रात्री दोनच्या सुमारास माजघरात गिलाव्याचा पोपडा पडला, परातीएवढा. दिवा लावला तर तिसऱ्या तुळईचं टोक भिंतीतल्या खोबणीतून बोटभर बाहेर आलेलं. आम्ही सासूबाईंना पलंगासकट पुढच्या खोलीत आणलं. रात्रभर कुणी झोपलं नाही.

सकाळी मी शेजारी गेले आणि फार वाईट बोलले. काकूंना म्हटलं, तुमच्या संडासासाठी आमच्या म्हातारीचा जीव घेणार का. काकू काहीच बोलल्या नाहीत, ओट्यावर बसून राहिल्या. आळीतली माणसं जमली होती. ते वाक्य मी परत घेऊ शकले नाही. काकूंनी मला कधी त्याबद्दल विचारलं नाही, मीच आठवत राहते.

भाऊजी दुपारी पुण्याहून आले. तेही चिडलेले. त्यांचं म्हणणं, भिंत आधीपासूनच कुजलेली होती, शिवाय भिंत त्यांची आहे. आम्ही म्हटलं, भिंत आमची आहे. दोघांनाही आपापलं म्हणणं शंभर टक्के खरं वाटत होतं.

त्या दिवशी एकच शहाणपणाची गोष्ट घडली. आमच्या ओळखीचे एक सुतार आहेत, त्यांनी वाद ऐकून न घेता आधी आत येऊन तुळया पाहिल्या. "बाकीचं नंतर, आधी टेकू द्या," म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांनी भाड्याचे सहा लोखंडी प्रॉप आणून, खाली फळ्या घालून, तीन तुळयांना आधार दिला. प्रॉपखाली फळी लागतेच, नाहीतर तो जमिनीत रुततो, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. जुन्या मातीकामाच्या घरांची माहिती असलेला माणूस शोधावा, असं मी आग्रहाने सांगेन. नुसतं आरसीसीचं काम करणारे पाहून जातात आणि "पाडून टाका" म्हणतात. आमच्याकडेही आधी एक जण तसं म्हणून गेले होते.

हे इंजिनिअर तीन तास होते. दोन्ही घरांतून भिंत पाहिली. भाऊजींना त्यांनी सोबत घेतलं, हे फार बरं झालं. त्यांनी सांगितलं, गिलाव्यावर जाळीसारख्या बारीक भेगा असतात त्यांना घाबरायचं नाही. पण तिरकी, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग म्हणजे खालचा आधार सरकला आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना त्यांनी पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली. मग काचेच्या बोटभर रुंदीच्या तीन पट्ट्या भेगेवर आडव्या ठेवून दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवल्या. "काच ताणली जात नाही. भिंत हलली तर ती तडकेल. रोज सकाळी बघा आणि वहीत लिहा." खालची पट्टी चौथ्या दिवशी तडकली. त्या वहीने पुढे फार काम केलं.

त्यांनी आम्हालाही एक गोष्ट दाखवली. भिंतीच्या माथ्याजवळ जुना ओलीचा डाग होता. आमच्या छपराची पन्हळ तिथे सडली होती आणि कित्येक पावसाळे पाणी भिंतीत मुरत होतं. तिसऱ्या तुळईच्या टोकाला वाळवीही लागली होती. पन्हळ गळते हे आम्हाला ठाऊक होतं. दरवर्षी पुढच्या वर्षी बघू म्हणत होतो. म्हणजे भिंत आधीच कमजोर होती, हे भाऊजींचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्यांच्यासमोर हे ऐकताना मला खाली बघावंसं वाटलं.

"आधी भिंत वाचवू. पैशाचं नंतर बोला," असं इंजिनिअर दोघांनाही म्हणाले. भाऊजींनी तेवढं मान्य केलं. चरातलं पाणी पंपाने काढलं. भिंतीच्या माथ्यावर ताडपत्री घातली, दोन्हीकडे दगड ठेवून. पाऊस उघडला तेव्हा पायाखालची पोकळी भरून घेतली. सगळी लांबी एकदम उघडायची नाही, असं त्यांनी बजावलं. १४ फुटांचे पाच टप्पे पाडले. पहिला, तिसरा, पाचवा आधी भरला, तो घट्ट झाल्यावर दुसरा आणि चौथा. चर खणतानाही असंच तुकड्या-तुकड्याने खणलं असतं तर हे झालं नसतं, असं ते म्हणाले. हा खर्च भाऊजींनी केला, चर त्यांचा होता म्हणून. त्यानंतर काम थांबलं.

मग पैशाचं बोलणं सुरू झालं आणि बोलणंच बंद झालं. जूनमध्ये वटपौर्णिमेला दरवर्षी काकू आणि मी बरोबर जातो. या वेळी मी एकटी गेले.

आम्ही एका वकिलांना भेटलो. त्यांनी सरळ सांगितलं, दिवाणी दावा लावला तर वर्षं जातील, आणि तोवर भिंत तशीच राहील. त्यांनी विचारलं, भिंत कुणाची याचा कागद आहे का? घरी ट्रंकेत १९३१ चं खरेदीखत होतं. पण ते मोडीत. घरात कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून इतकी वर्षं ते नुसतं जपून ठेवलं होतं. वाईत मोडी वाचणारी माणसं आहेत. एका निवृत्त गृहस्थांनी दोन संध्याकाळी बसून ते वाचलं आणि देवनागरीत लिहून दिलं. चतुःसीमेत पूर्वेच्या बाजूला शेजारचं घर, आणि दोन्हींच्या दरम्यानची भिंत सामाईक, निमेनिम. दुरुस्तीचा खर्चही दोघांनी निम्मा निम्मा करायचा.

ते ऐकून मी बराच वेळ काही बोलले नाही. दोन महिने आम्ही ज्यावरून भांडत होतो ते आजेसासऱ्यांनी आणि शेजारच्या आजोबांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मी त्या कागदाची एक प्रत पाकिटात घालून काकूंकडे दिली. आत गेले नाही, उंबऱ्यावरूनच दिली. तिसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन आला. भांडणानंतर पहिल्यांदाच ते स्वतःहून बोलले. म्हणाले, "वहिनी, आमच्याही वाटणीपत्रात सामाईक असंच आहे. मी कधी वाचलंच नव्हतं."

तरी आकडा जुळेना. त्यांचं म्हणणं, निमेनिम म्हणजे सगळंच निम्मं. आमचं म्हणणं, झिजून होणारी दुरुस्ती निम्मी, पण चर खणून पडलेली भेग निम्मी कशी?

इथे तालुका विधी सेवा समितीचा उपयोग झाला. तिचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं. दावा दाखल न करताही तिथे अर्ज देता येतो, त्याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याखाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मला हे पन्नाशी उलटल्यावर कळलं. अर्ज मी माझ्या नावाने दिला. सोबत इंजिनिअरांचा तीन पानी अहवाल, तारखांची वही, फोटो आणि खरेदीखताचा तर्जुमा जोडला. भाऊजींना नोटीस गेली. त्याआधी मी त्यांना फोन करून सांगितलं होतं की नोटीस येईल, घाबरू नका, बसून बोलायला बोलावलंय. अचानक पोस्टमन दारात आला असता तर ते पुन्हा बिथरले असते.

ऑगस्टमध्ये दोनदा बसलो. समोर कुणी आरडाओरडा ऐकून घ्यायला नव्हतं, त्यामुळे आवाज आपोआप खाली आले. समेट घडवणाऱ्या बाईंनी एक साधी गोष्ट केली. एक कोरा कागद घेतला आणि एकूण रकमेवर वाद न घालता एकेक काम लिहायला लावलं. प्रत्येक कामापुढे कारण कुणाचं, एवढंच विचारलं. भेगांची सांधणी आणि गिलावा ९६ हजार, कारण चर, म्हणून भाऊजी. तुळईचं टोक २४ हजार, वाळवी जुनी पण हिसका नवा, म्हणून निम्मं निम्मं. भिंतीच्या माथ्याचं आणि भिंत व नवी खोली यांच्यामधल्या फटीवरच्या पत्र्याचं काम ४६ हजार, दोघांच्या फायद्याचं, निम्मं निम्मं. पन्हळ २८ हजार, आमची. एकूण १ लाख ९४ हजार झाले. त्यांचे १ लाख ३१ हजार, आमचे ६३ हजार. टेकूचं भाडं आणि इंजिनिअरांची फी आम्ही मागितली नाही. ती मागायला हवी होती, असं ह्यांचं अजूनही मत आहे.

पैशाइतकंच महत्त्वाचं होतं ते पुढचं बांधकाम. नव्या खोलीचे कॉलम भिंतीपासून दीड फूट आत घ्यायचे, स्लॅबचा कसलाही भार सामाईक भिंतीवर टाकायचा नाही, संडासाचे पाइप या भिंतीतून न्यायचे नाहीत. भाऊजींची खोली त्यामुळे थोडी अरुंद झाली. त्यांनी ते काकूंना विचारून मान्य केलं.

सप्टेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीत हे सगळं कागदावर येऊन सह्या झाल्या. आमच्या वकिलांनी सहीच्या आधी दोनदा बजावलं की लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, तेव्हा प्रत्येक ओळ वाचा. म्हणून आम्ही काम कधी सुरू होणार, हप्ते कधी, काम बरोबर झालं हे कोण ठरवणार, हेही त्यात घालून घेतलं.

दुरुस्ती लगेच केली नाही. भिंत वाळू दिली. दिवाळीनंतर गवंडी आले. भेगेत सिमेंट भरून वरून रंग द्यावा, असं एकाने सुचवलं होतं, स्वस्तही पडलं असतं. इंजिनिअरांनी नको म्हटलं. सिमेंट मातीशी जुळत नाही, आतली ओल कोंडते आणि दोन वर्षांत पापुद्रा सुटतो. भेगेच्या दोन्ही बाजूंचे फुटलेले भेंडे एकेक काढून त्या जागी भेगेवर आडवे येतील असे नवे बसवले, वर पुन्हा चुन्याचा गिलावा. तुळईचं कुजकं टोक कापून सुतारांनी सागवानी तुकडा जोडला. भिंत आणि नवी खोली यांच्यामधल्या फटीवर पत्र्याची पट्टी गिलाव्यात खोचून उतरती बसवली, म्हणजे पाणी मध्ये शिरणार नाही. अठरा दिवस लागले. भाऊजींचा शेवटचा हप्ता दोन आठवडे उशिरा आला, पण आला.

संक्रांतीला काकू वाण घेऊन आल्या. मी त्यांच्या पाया पडले. त्या दिवसाबद्दल बोलायचं ठरवलं होतं, पण बायका बसलेल्या होत्या आणि राहून गेलं.

नव्या गिलाव्यावर इंजिनिअरांनी पुन्हा दोन काचा लावल्या आहेत. अजून अखंड आहेत. खालच्या हातभर पट्ट्यात ओल आहे, ती जायला आणखी एक उन्हाळा लागेल म्हणतात, म्हणून सासूबाईंचा पलंग अजून पुढच्या खोलीतच आहे.

होळीनंतर भाऊजींचा फोन आला. बाथरूममध्ये आईला धरायला स्टीलची दांडी बसवायची आहे, सामाईक भिंतीच्या बाजूला सोयीची पडेल, ड्रिल मारू का, असं विचारत होते. मी टेप घेऊन शेजारी गेले. काकू स्टुलावर बसून हात कुठपर्यंत पोहोचतो ते दाखवत होत्या. दांडी समोरच्या, त्यांच्या नव्या भिंतीत बसवली. हात तिथेही पोहोचत होता.